एक रात्र, दोनदा : नवप्रौढ थरारकादंबरीतील पुनरावृत्तीचा नैतिक अर्थ

१

लोकप्रिय वाङ्मयाचा विचार विद्यापीठीय समीक्षेत बहुधा दोन प्रकारे होतो. एक तर ते समाजशास्त्रीय सामग्री म्हणून तपासले जाते, नाही तर अभिजात वाङ्मयाच्या शेजारी उभे करून उणे ठरवले जाते. एखाद्या लोकप्रिय कथासूत्रात स्वतःचा असा विचार असू शकतो, ही शक्यता दोन्ही पद्धतींत दुर्लक्षित राहते. थरारकथेतील असेच एक कथासूत्र येथे विचारात घ्यावयाचे आहे. एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी. मित्रमंडळींत घालवलेली एक रात्र. त्या रात्री ओढवलेला एक मृत्यू. आणि पहाट उजाडण्याऐवजी पुन्हा तीच संध्याकाळ. घडलेल्याची स्मृती त्या एकट्या विद्यार्थ्यापाशी उरते. इतर सर्वांसाठी ती रात्र पहिलीच असते.

हे कथासूत्र ज्या कादंबऱ्यांना विशेष मानवते, त्यांना इंग्रजी प्रकाशनव्यवहारात ‘न्यू अडल्ट’ म्हटले जाते. सेंट मार्टिन्स प्रेस या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने २००९ मध्ये ही संज्ञा पुढे आणली. शाळा संपली आहे पण संसार सुरू झालेला नाही, अशा साधारणतः अठरा ते पंचवीस या वयाच्या नायक-नायिकांचे अनुभवविश्व तिच्यात अभिप्रेत आहे. मराठीत त्यासाठी ‘नवप्रौढ’ हा शब्द वापरता येईल. संज्ञा बाजाराने घडवली, हे खरे. परंतु तिने निर्देशिलेले वय बाजाराने घडवलेले नाही. भारतात एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मताधिकाराचे वय एकवीसवरून अठरावर आले, ते १९८९ पासून. कायदा ज्याला प्रौढ मानतो आणि घर ज्याला अद्याप लहान मानते, असा हा माणूस आहे. आपल्या कृतीचे परिणाम आपल्यापाशी येऊन थांबतात, याचा पहिला अनुभव त्याला याच वयात येतो. एका रात्रीच्या पुनरावृत्तीची कथा याच अनुभवाभोवती उभी राहते.

या कथासूत्राकडे चातुर्याचा खेळ म्हणून पाहणे अपुरे आहे. त्याचे मूल्य एका अटीवर अवलंबून आहे : रात्र दोनदाच यावी, असंख्य वेळा नव्हे. ही अट पाळली गेली की थरारकथा जबाबदारीची कथा होऊ शकते. ती मोडली की त्याच सामग्रीचा सराव-वर्ग होतो.

२

एकदा जगलेले पुन्हा जगण्याची कल्पना नवी नाही. रशियन लेखक पी. डी. उस्पेन्स्की यांची इव्हान ओसोकिन या तरुणाविषयीची कादंबरी १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९४७ मध्ये ती इंग्रजीत आली. प्रेमात आणि आयुष्यात सारे गमावून बसलेला ओसोकिन एका मांत्रिकाकडे जातो आणि बारा वर्षे मागे, आपल्या शाळकरी दिवसांत परत जाण्याची संधी मागतो. संधी मिळते, पुढे काय होणार हे ठाऊक असूनही तो त्याच चुका त्याच क्रमाने करतो. ज्ञान हाती असूनही स्वभाव बदलला नाही तर काहीच बदलत नाही, हा या कादंबरीचा कठोर निष्कर्ष आहे. पुढील काळातील बहुतेक पुनरावृत्तिकथांनी तो सौम्य केला. नाकारणे मात्र फारसे कोणाला साधलेले नाही.

‘एक रात्र दोनदा’ या घाटाचा सर्वांत नेटका नमुना रंगभूमीवर आहे. जे. बी. प्रीस्टली यांचे ‘डेंजरस कॉर्नर’ हे नाटक १९३२ मध्ये लंडनमध्ये आले. जेवणानंतरच्या गप्पांत सिगारेटच्या एका पेटीविषयी सहज निघालेला शब्द एका जुन्या मृत्यूपर्यंत जाऊन पोहोचतो. एकामागून एक असत्ये उघडी पडतात आणि शेवटी गोळीचा आवाज ऐकू येतो. अंधार होतो, आणि नाटक पुन्हा आरंभीच्या क्षणाशी येते. या वेळी रेडिओवर नृत्याचे संगीत लागते, पेटीचा विषय तेथेच मागे पडतो आणि संध्याकाळ सुखरूप पार पडते. येथे पहिल्या रात्रीची आठवण एकाही पात्राला नाही. ती केवळ प्रेक्षकाला आहे. हसतखेळत नाचणारी माणसे पाहताना जी अस्वस्थता जाणवते, ती या विषम स्मृतीतून निर्माण होते. त्याच लेखकाच्या, १९४५ मध्ये प्रथम रंगभूमीवर आलेल्या ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’च्या अखेरीस दूरध्वनी वाजतो आणि नुकती पार पडलेली चौकशी आता खरोखर सुरू होणार असल्याचे कळते. तेथे दुसरी रात्र रंगमंचावर येत नाही. परंतु ती येणार आहे, आणि पहिल्या वेळी काही शिकलेले व काहीच न शिकलेले असे दोन गट त्या घरात पडले आहेत, एवढे प्रेक्षकाला पुरते.

प्रीस्टलींनी प्रेक्षकाच्या ठायी ठेवलेली स्मृती नवप्रौढ थरारकथेने नायकाच्या ठायी नेली. हा बदल वरवर तांत्रिक आहे. प्रत्यक्षात त्यामुळे साक्षीदार आणि कर्ता एकच होतात.

३

या एकरूपतेचे महत्त्व कथनमीमांसेच्या आधारे स्पष्ट होते. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मधील आपल्या लेखात रहस्यकथेत दोन कथा असतात असे दाखवले. पहिली गुन्ह्याची, जी घडून गेलेली आणि अनुपस्थित असते. दुसरी तपासाची, जी वाचकासमोर उलगडते. थरारकथेत या दोहोंचा मेळ होतो, आणि ‘काय घडले’ या कुतूहलाची जागा ‘आता काय होईल’ ही उत्कंठा घेते. रात्र दोनदा येते तेव्हा तिसरी अवस्था उद्भवते. गुन्ह्याची कथा घडून गेलेली असते आणि घडावयाचीही असते. तपास आणि गुन्हा एकाच रात्रीत, त्याच खोल्यांत, त्याच माणसांमध्ये चालतात. कुतूहल आणि उत्कंठा परस्परांना छेदतात : खुनी कोण हे शोधले नाही तर खून टळणार नाही, आणि खून टळला तर खुनी हा खुनीच राहणार नाही. अद्याप न केलेल्या कृत्यासाठी कोणाला दोषी कसे धरावे, हा प्रश्न थरारकथेच्या पोटातून असा अगदी सहज निघतो.

जेरार जनेत यांनी १९७२ मध्ये केलेले कथनाच्या वारंवारतेचे विवेचनही येथे उपयोगी पडते. एकदा घडलेले एकदा सांगणे, एकदा घडलेले अनेकदा सांगणे, अनेकदा घडलेले एकदाच सांगणे, असे भेद ते करतात. अनेकदा घडलेले तितक्याच वेळा सांगणे यालाही त्यांच्या मांडणीत स्थान आहे. परंतु घटना किती वेळा घडली याचे उत्तर सर्व पात्रांसाठी सारखेच असते, हे त्यांच्या वर्गीकरणात गृहीत आहे. प्रस्तुत कथासूत्र नेमके तेच गृहीत मोडते. जगाच्या हिशेबी रात्र एकदाच झाली. विद्यार्थ्याच्या हिशेबी दोनदा. एकाच वाक्याचा एकाच खोलीतील दोन माणसांसाठी काळ वेगळा असतो. मैत्रीण ‘उद्या बोलू’ म्हणते तेव्हा ते तिच्यासाठी साधे आश्वासन असते. ऐकणाऱ्यासाठी ती तिची शेवटची, आणि आता पुन्हा ऐकू आलेली, ओळ असते. चांगली लेखणी या ठिकाणी काहीही न सांगता पुष्कळ साधू शकते. सामान्य लेखणी येथे खुलासा देत बसते.

४

असंख्य पुनरावृत्ती आणि एकच पुनरावृत्ती यांतील अंतर पाहण्यासाठी या परंपरेतील काही ठळक कृती पुरेशा आहेत. हॅरल्ड रॅमिस यांच्या ‘ग्राउंडहॉग डे’ (१९९३) या चित्रपटाने अगणित वेळा परतणाऱ्या दिवसाची कल्पना सर्वपरिचित केली. त्यातील फिल या वार्ताहराला प्रत्येक चूक पुसून पुन्हा प्रयत्न करता येतो. असा प्रयत्न हे कौशल्याचे शिक्षण आहे. पियानो त्या मार्गाने येतो. बर्फाची शिल्पे त्या मार्गाने येतात. रिटाच्या आवडीनिवडी जमवून तिला जिंकण्याचा खेळही फिल त्याच मार्गाने आरंभतो, आणि तो वारंवार फसतो, हा चित्रपटाचा सुज्ञपणा. त्याहून मोलाचा भाग रस्त्यावरच्या वृद्धाचा आहे. काहीही केले तरी त्या रात्री तो वृद्ध मरतोच. अमर्याद संधीच्या विश्वात ही एकच गोष्ट अमर्याद संधीला दाद देत नाही, आणि म्हणूनच ती लक्षात राहते.

महाविद्यालयीन विश्वात हेच सूत्र आणणारा ‘हॅपी डेथ डे’ (२०१७) हा चित्रपट वाढदिवशी मारल्या जाणाऱ्या ट्री या विद्यार्थिनीचा आहे. मृत्यू येतो, सकाळ होते, पुन्हा मृत्यू येतो. मृत्यू जितका सुलभ, तितका तो हास्यास्पद होत जातो. निर्मात्यांनाही हे जाणवले असावे, कारण प्रत्येक मृत्यूची इजा तिच्या शरीरात साठत जाते अशी तरतूद कथेत केलेली आहे. पुनरावृत्ती फुकट असेल तर थरार उरत नाही; म्हणून तिला किंमत लावावी लागली. ‘एकच पुनरावृत्ती’ या अटीत ही किंमत आरंभापासूनच असते.

लॉरेन ऑलिव्हर यांची ‘बिफोर आय फॉल’ (२०१०) ही कादंबरी मध्यम मार्गावर आहे. तिची नायिका सॅम शालेय विद्यार्थिनी असल्याने काटेकोरपणे पाहता ही कुमारवयीनांची कादंबरी ठरते. तथापि नवप्रौढ थरारकथेचा पाया तिच्यात आहे. मेजवानीहून परतताना मोटारीच्या अपघातात सॅम मरते आणि तोच दिवस सात वेळा जगते. आरंभी तिला स्वतःचा मृत्यू चुकवावयाचा असतो. हळूहळू तिच्या ध्यानात येते की त्या रात्रीचे खरे केंद्र आपण नसून ज्युलिएट ही मुलगी आहे, जिचा छळ तिच्या मैत्रिणींनी वर्षानुवर्षे मजेखातर केला. अखेर ज्युलिएटला वाचवताना सॅम प्राण देते. ‘मी कशी वाचेन’ येथून ‘कोणाला वाचवावयास हवे होते’ येथपर्यंतचा हा प्रवास या कथाप्रकाराची सर्वोत्तम शक्यता दाखवतो. मात्र त्यासाठी तिला सात दिवस द्यावे लागले. एकाच अधिक रात्रीत हे घडवावयाचे असेल तर लेखकाला नायिकेची दृष्टी सरावाने पालटवता येणार नाही. ती पहिल्या रात्रीच्या धक्क्यातूनच पालटलेली दाखवावी लागेल. हे कठीण आहे, आणि म्हणूनच वाङ्मयीन दृष्ट्या इष्ट आहे.

दुसरी रात्र पहिलीपेक्षा अधिक अंतिम असते, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. पहिल्या रात्री अज्ञानाची सबब होती. मित्र दारू पिऊन मोटार चालवावयास बसला तेव्हा अपघात होईल हे कोणाला माहीत होते? मैत्रीण एकटी गच्चीवर गेली तेव्हा ती परत येणार नाही हे कोणाला माहीत होते? दुसऱ्या रात्री ही सबब उरत नाही. आता जे घडेल ते जाणून केलेले किंवा जाणून होऊ दिलेले असेल. म्हणजे वरवर सवलत वाटणारी दुसरी संधी वस्तुतः जबाबदारी दुप्पट करते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला दुसऱ्या संधीची भाषा चांगली परिचित आहे. मार्चमध्ये राहिलेला विषय ऑक्टोबरमध्ये सोडवण्याची सोय अनेक पिढ्यांनी वापरली आहे, आणि एटीकेटी ही अक्षरे त्याच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. परंतु पुरवणी परीक्षेला प्रश्न नवे असतात. येथे प्रश्नपत्रिका तीच आहे, ती फुटलेली आहे, आणि परीक्षार्थी एकटाच आहे. या परिस्थितीत अनुत्तीर्ण होणाऱ्याला कोणत्याही परीक्षा-मंडळाकडे दाद मागता येत नाही.

५

या कथासूत्राचा सर्वांत गंभीर प्रश्न याच्याही पुढे आहे. पहिल्या रात्री ज्याच्यावर अन्याय झाला, तो माणूस दुसऱ्या रात्री समोर उभा असतो. पण त्याच्यावर अन्याय झालेलाच नसतो. मग क्षमा कोणाची मागावी? अपराधाची जाणीव शिल्लक आहे, अपराधाचा पीडित शिल्लक नाही. ज्याने मित्राला संकटात टाकून पळ काढला, तो त्याच मित्राशी दुसऱ्या रात्री बोलत असतो, आणि मित्राच्या डोळ्यांत संपूर्ण विश्वास असतो. त्या विश्वासाला आपण पात्र नाही हे फक्त बोलणाऱ्याला ठाऊक. हा विश्वास कोणत्याही आरोपापेक्षा अधिक जड असतो. दुसऱ्या रात्री मित्राला वाचवले तरी पहिल्या रात्रीचा पळ पुसला जात नाही. फार तर त्याचा पुरावा नाहीसा होतो.

केन ग्रिमवुड यांच्या ‘रीप्ले’ (१९८६) या कादंबरीत हाच पेच उलट बाजूने येतो. १९८८ मध्ये त्रेचाळीसाव्या वर्षी मरण पावलेला जेफ विन्स्टन १९६३ मध्ये, आपल्या महाविद्यालयीन वसतिगृहात, अठरा वर्षांचा होऊन जागा होतो. नव्या आयुष्यात त्याला मुलगी होते. तो पुन्हा मरतो, पुन्हा मागे जातो, आणि ती मुलगी कधी जन्मलेलीच नसते. जिचे अस्तित्व जगाच्या कोणत्याच नोंदीत नाही, अशा अपत्याचा शोक तो करतो. पुनरावृत्ती काही परत देते तशी काही हिरावूनही घेते, आणि हिरावलेल्याची साक्ष देणारा दुसरा कोणीही नसतो. पहिली रात्र रद्द करावयाची म्हणजे त्या रात्रीतील चांगलेही रद्द करावयाचे : पहिल्यांदाच मोकळेपणाने झालेले एखादे बोलणे, जुळलेले एखादे नाते. कोणाला तरी वाचवण्यासाठी कोणाचे तरी आपल्यावरचे प्रेम न घडू देणे, असा निर्णय तरुण नायकापुढे ठेवणारी थरारकथा सामान्य मानता येणार नाही.

येथेच या प्रकारातील दुबळ्या कृतींचा दोषही नेमका सांगता येतो. अशा कृतींत दुसऱ्या रात्री माणसे सुगावे होतात. कोण कोठे उभा होता, कोणी कोणाला काय म्हटले, याची नायक नोंद करतो आणि त्या माहितीच्या जोरावर सर्वांना हलवतो. त्याच्या ज्ञानाचा इतरांना पत्ता नसल्याने त्यांच्या होकाराला अर्थ उरत नाही. प्रेयसीच्या मनातले तिने पहिल्या रात्री विश्वासाने सांगितलेले असते. दुसऱ्या रात्री तेच तिला न विचारता वापरणे हा विश्वासभंग आहे, जरी तो सिद्ध करता येत नसला तरी. कथानक पुढे नेण्याच्या भरात ज्या लेखकाला हा विश्वासभंग दिसत नाही, त्याची कादंबरी गतिमान असूनही पोकळ राहते. मराठी समीक्षकाने अशा कादंबरीकडे ‘थरार आहे की नाही’ एवढेच विचारून थांबू नये. थरार कोणाच्या खर्चाने उभा राहिला, हेही विचारावे.

६

हे कथासूत्र आयात केलेले असून मराठी अनुभवाशी त्याचा संबंध नाही, असा आक्षेप घेतला जाणे शक्य आहे. तो फार टिकणारा नाही. एकाच माणसाच्या वाट्याला दुहेरी काळ येण्याची कल्पना भारतीय कथापरंपरेत दृढ आहे. योगवासिष्ठातील गाधी ब्राह्मण पाण्यात बुडी मारतो, त्या क्षणात दुसरे संपूर्ण आयुष्य भोगतो, आणि पुढे त्या भोगलेल्या प्रदेशाचा शोध घेत निघतो तेव्हा तेथे आपल्या खुणा त्याला प्रत्यक्ष सापडतात. फरक एवढाच की तेथील निष्कर्ष काळाच्या मिथ्यात्वाकडे जातो; थरारकथेतील विद्यार्थ्याला मिथ्यात्वाचा आधार घेता येत नाही, कारण त्याच्यासमोर खरे रक्त सांडणार असते. आधुनिक काळात जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेने काळाचा फाटा इतिहासाच्या पातळीवर दाखवला. तोच फाटा एका व्यक्तीच्या एका रात्रीपर्यंत आणणे ही पुढची स्वाभाविक पायरी ठरते.

मराठीत विद्यार्थिजीवनाची कादंबरी आहे आणि रहस्यकथाही आहे. या दोघींची भेट मात्र क्वचित झाली. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) पुण्यात शिकावयास आलेल्या पांडुरंग सांगवीकराचे जग उभे केले. त्यातील लहान बहिणीचा मृत्यू हा मराठी कादंबरीतील अविस्मरणीय मृत्यूंपैकी एक आहे. तो दुरुस्त होऊ शकत नाही, हीच त्याची भीषणता. दुसऱ्या बाजूला बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथेचा प्रचंड वाचकवर्ग घडवला. सुहास शिरवळकर यांच्यापाशी तर दोन्ही सामग्री होत्या. ‘दुनियादारी’ (१९८२) मध्ये कट्ट्यावरची मैत्री आणि तरुण वयातील मृत्यूची सावली आहे; त्यांच्या फिरोज इराणी, मंदार पटवर्धन यांच्या कथांत वेगवान रहस्य आहे. हे दोन प्रवाह त्यांच्या लेखनात शेजारून वाहिले, पण एकत्र आले नाहीत. कट्ट्यावरच्या मुलांपैकी एकाला ती एक रात्र पुन्हा मिळाली असती तर काय झाले असते, ही कादंबरी लिहावयाची राहिली आहे.

अशी कादंबरी लिहिली जाण्याची निकड वाङ्मयाबाहेरचीही आहे. वसतिगृहातील छळ, मद्यपानानंतरचे वाहन चालवणे, मित्राच्या खचलेपणाकडे झालेले दुर्लक्ष : या घटनांनंतर मागे राहिलेल्यांच्या मनात एकच वाक्य वर्षानुवर्षे फिरत राहते, ‘त्या रात्री मी जर...’. हे अपूर्ण वाक्य पूर्ण करून पाहण्याची सोय पुनरावृत्तीची कथा देते. ती खोटा दिलासा देते असा आणखी एक आक्षेप आहे आणि तो अंशतः खरा आहे. गेलेला परत येतो असे सांगून मोकळी होणारी कथा दुःखाची थट्टा करते. परंतु या कथाप्रकाराचे उत्तम रूप तसे सांगत नाही. दुसऱ्या रात्री जे केले ते पहिल्या रात्रीही करता येण्याजोगे होते, हे ते दाखवते. मोटारीची किल्ली काढून घेणे, गच्चीच्या जिन्यावर जाऊन हाक मारणे, थट्टेला हसण्यास नकार देणे, यांपैकी कशासाठीही भविष्याचे ज्ञान लागत नव्हते. थोडे लक्ष पुरेसे होते. हे लक्षात आल्यावर कथेतील अद्भुताचा भाग आपोआप गळून पडतो आणि वाचकाच्या हाती त्याची स्वतःची, एकदाच येणारी रात्र उरते.

म्हणून विद्यापीठीय अभ्यासात या कादंबरीप्रकाराला स्थान देताना त्याची रचनाकौशल्ये मोजण्यापुरते थांबू नये. या प्रकाराला अभ्यासक्रमात आणावयाचे तर त्याच्यासमोर जे प्रश्न ‘कोसला’समोर ठेवले जातात तेच ठेवावे लागतील : हे पात्र कोणाला पाहते, कोणाला पाहत नाही, आणि न पाहण्याची किंमत कोण मोजते. या प्रश्नांना टिकेल ती थरारकादंबरी वाङ्मय म्हणून वाचली जावी. जी टिकणार नाही तिची रात्र दोनदा येवो वा शंभरदा, तिच्यातून वाचकाला पहाट दिसणार नाही.